परतीच्या उताराचा हिशेब

आपल्या मंडळाचे दहा-बारा सभासद येत्या माघात नागपुरास जाऊन काटोल व वरूड या बाजूच्या संत्र्याच्या बागा पाहणार आहेत, हे मागील अंकातील सभावृत्तावरून वाचकांस विदित झालेच आहे. वाटेची आखणी करण्याचे काम मंडळाने पुन्हा आमच्याकडे सोपविले आहे. ‘पुन्हा’ हा शब्द आम्ही मुद्दाम लिहितो. तीन वर्षांपूर्वी तासगावकडील द्राक्षांच्या बागा पाहण्यास मंडळी गेली, तेव्हाही वाट आम्हीच आखली होती. आणि तीत आमची जी चूक झाली तिचे फळ दुसऱ्यास भोगावे लागले.

महसूल खात्यात आमची सारी हयात गेली. सर्व्हे नंबर, आकार, क्षेत्र, अंतर यांचे तक्ते लिहिण्यात हात मुरलेला. तेव्हा तासगावच्या प्रवासाचाही आम्ही तसाच तक्ता केला: गावांची नावे, मधले किलोमीटर, लागणारे तास. सर्वांत कमी बेरीज ज्या वाटेची आली तीच जातायेता ठरविली. जाताना सर्व सुरळीत झाले. येताना तासगावास उशीर झाला, वाटेत कोणी बेदाण्याच्या पेट्या घेतल्या, कोणी गुळाच्या ढेपा घेतल्या आणि घाटमाथ्यावर येईतो दिवस मावळला. ज्या घाटाने उतरलो त्याचे नाव येथे देत नाही, कारण दोष घाटाचा नव्हता. अर्धा उतार संपला असेल नसेल तोच गाडीत रबर जळाल्यासारखा वास सुटला. चालकाने डिझेल वाचविण्याच्या सवयीने गाडी गिअरमधून काढून मोकळी सोडली होती व वळणावळणावर नुसत्या ब्रेकवर ती आवरीत होता. पुढल्या एका वळणावर ब्रेकचा पाय एकदम मऊ पडून तळाशी गेला. दरीकडे न नेता त्याने गाडी डोंगराकडील गटारात घातली, एवढे त्याचे भान राहिले म्हणून आम्ही आज हे लिहीत आहो.

जीव सर्वांचे वाचले. परंतु आमच्यातील सर्वांत वडील बागायतदार, ज्यांना सारा गाव दादा म्हणतो, त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले व ते वाकडेच जुळले. आंब्याचे कोय कलम बांधण्यात आमच्या पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा हात नव्हता. त्या पावसाळ्यात त्यांना एकही कलम बांधता आले नाही आणि पुढेही आलेले नाही. आता ते मांडवात पाटावर बसतात, नातू काप घेतो, आणि काप चुकला की ते डोळे मिटून घेतात.

नागपूरच्या प्रवासाचे विचारावयास आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते येणार नाहीत अशीच आमची समजूत होती. ते एवढेच म्हणाले, “जाताना खंयसूनय ने, पण येताना माका घाटातसून हाडू नको.” घरी परतल्यावर आम्ही त्या वाक्याचा जो जो विचार करू लागलो तो तो आमच्या ध्यानात आले की, आमच्या तक्त्यात जे रकाने नव्हते ते सारे या एका वाक्यात आहेत. जाणे व येणे या एकाच वाटेच्या दोन बाजू नव्हेत. आपणा कोकणवासीयांस जाणे म्हणजे चढ आणि येणे म्हणजे उतार; आणि भीती आहे ती उताराची.

प्रथम, घाट अजिबात टाळता येईल काय, हे पाहू. सह्याद्रीची रांग उत्तरेस तापीच्या खोऱ्यापासून दक्षिणेस कन्याकुमारीपर्यंत सुमारे १,६०० किलोमीटर पसरलेली आहे. तीत खरोखर रुंद व सखल अशी एकच खिंड आहे. ती केरळातील पालघाटची, जिची उंची समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरही नाही. मालवणाहून नागपुरास जाण्यासाठी केरळ गाठणे हा वेडेपणा होय. दुसरा उपाय उत्तरेचा. मुंबईवरून सुरतेस जावे व तेथून तापीच्या अंगाने नवापूर, धुळे, जळगाव, अकोला, अमरावती असे नागपूर गाठावे. या वाटेवर कोंडाईबारीसारखा एखादा चढ लागतो, पण आपल्याकडील घाटांपुढे तो किरकोळ आहे. सुरतेहून भुसावळकडे जाणारा लोहमार्गही याच खोऱ्यातून गेला आहे. मात्र अंतर पंधराशे किलोमीटरांच्या घरात जाते. कोल्हापूर, सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा या सरळ वाटेने तेच साडेनऊशेच्या आसपास भरते. भीतीपोटी साडेपाचशे किलोमीटरांचा वळसा घेणे म्हणजे चालकाच्या डोळ्यांवर दोन दिवसांची झोप चढविणे होय. ती वाट आम्ही सोडून दिली.

दक्षिणेकडे कारवार ओलांडून अंकोल्याहून हुबळीस जाणारा रस्ता गंगावळी नदीच्या खोऱ्याने वर चढतो, म्हणून कित्येक मालमोटारवाले त्याची शिफारस करतात. परंतु नागपूरच्या वाटेस तो आडवळणी आहे. शिवाय त्याच अंकोल्याजवळ शिरूर येथे २०२४ च्या १६ जुलैस महामार्गावर दरड कोसळून कित्येक जीव गेले. तेथला महामार्ग सखल आहे, त्यास घाट कोणी म्हणत नाही. डोंगर चढावयाचा टाळला तरी डोंगराखालून जावे लागतेच, आणि पावसाळ्यात ते अधिक वाईट.

आता चढउताराचे गणित सांगतो. कोणत्याही पाटबंधाऱ्याच्या कालव्यास आपण ढाळ मोजतो तसाच रस्त्यासही मोजावा. वीस मीटर पुढे जाताना एक मीटर उंची वाढली तर तो चढ ‘वीसास एक’. सपाट मुलखातील रस्त्यास सामान्यतः तिसास एकाहून अधिक चढ देऊ नये आणि डोंगराळ मुलखात तो वीसास एकच्या सुमारास ठेवावा, असा इंडियन रोड्स काँग्रेसचा दंडक आहे. अंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंच आहे. घाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंत सहाशे मीटर चढावयाचे असे धरले, तर वीसास एकच्या ढाळाने त्यास बारा किलोमीटर रस्ता लागतो, तिसास एकने अठरा. रेल्वेचे लोक याहून कितीतरी भित्रे. मुरगावाहून कॅसलरॉककडे १८८८ साली जो लोहमार्ग गेला, त्यावरील चढ सदतिसास एक आहे. तेवढ्यासाठीही गाडीस जादा इंजिने जोडावी लागतात. आपल्या कोकण रेल्वेने तर दीडशेस एकाहून अधिक चढ येऊ दिलेला नाही, आणि त्यापायी डोंगर पोखरून नव्वदीच्या वर बोगदे पाडले.

सहाशे मीटर उतरताना काय घडते ते पाहा. चार-सवाचार टन वजनाची भरलेली गाडी वर चढविण्यास जे बळ इंजिनाने खर्ची घातले, ते सारे उतरताना परत मिळते. ते कोठेतरी जिरावयास हवे. गाडी मोकळी सोडून नुसत्या ब्रेकवर आवरली, तर त्यातले बहुतेक चाकांतील ब्रेकांत उष्णता होऊन जमते. ही उष्णता किती? ऐंशी लिटर गार पाण्यास उकळी फुटेल इतकी, म्हणजे पाच मोठ्या घागरी. वीस-पंचवीस मिनिटांत एवढी उष्णता लोखंडाच्या चार लहान तबकड्यांत कोंडली गेली तर वास सुटणारच. पुढे ब्रेकचे तेल उकळते, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय दाबला असता चाकाऐवजी ते बुडबुडेच दाबले जातात. पाय मऊ पडला म्हणतात तो असा. यात आपल्या किनाऱ्याची एक खोड आहे: ब्रेकचे तेल हवेतील दमट शोषून घेते व जितके पाणी मुरेल तितके लवकर उकळते. मालवणाची हवा कशी आहे हे मिठाची बरणी उघडी ठेवणाऱ्या कोणाही गृहिणीस विचारावे. दोन वर्षांनी हे तेल बदलावे असे गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते; आमच्या त्या गाडीचे कधी बदलले होते हे कोणासही सांगता आले नाही, आणि आम्हीही निघण्यापूर्वी विचारले नव्हते.

गिअरात गाडी उतरविली तर यातला मोठा वाटा इंजिन पेलते. ज्या गिअरात घाट चढावा लागतो त्याच गिअरात तो उतरावा, हा जुन्या एस्‌. टी. चालकांचा पाठ आहे. मोकळी सोडल्याने इंधन वाचते ही समजूतही खोटी आहे. हल्लीच्या इंजिनांत गिअरात उतरताना पाय काढला की इंधन आपोआप तुटते.

याउलट चढताना काय बिघडते? फार तर इंजिन तापते, पाणी उकळते, गाडी थांबते. थांबलेल्या गाडीपासून भय नाही. दगड लावावा, पाणी घालावे व पुढे जावे. म्हणून आंब्याच्या हंगामात कोल्हापुरास पेट्या नेणारे आमचे बागायतदार घाटास भीत नाहीत. त्यांची गाडी भरलेली चढते आणि रिकामी उतरते. देशावरून साखर, कांदा, पेंड भरून खाली येणाऱ्या चालकास विचाराल तर तो वेगळे सांगेल. प्रवासी मंडळीही या बाबतीत देशावरच्या मालमोटारीसारखीच: जाताना सकाळ, गाडी ताजी, चालक ताजा, पिशव्या रिकाम्या, येताना संध्याकाळ, सारेच दमलेले, आणि गाडीत खरेदीचे ओझे. त्यातून घरची ओढ. घाटमाथ्यावर रात्र काढावी असे म्हणणाऱ्यास कोणी ऐकत नाही. आम्हीही म्हटले नव्हते.

तेव्हा आमचा निर्णय असा झाला की, जाण्यास घाट घ्यावा आणि येण्यास निराळी वाट धरावी.

जाण्यासाठी आपल्या जिल्ह्यात वाटा पुष्कळ आहेत. दोडामार्गाकडील तिलारीचा घाट फार उभा व वळणे आखूड. भरलेल्या मोठ्या गाडीचे ते काम नाही. त्याच मुलखातील जुना रामघाट तर बैलांच्या तांड्यांचा. अंबोलीचा रस्ता वेंगुर्ले बंदर व बेळगावची छावणी यांना जोडण्यास इंग्रजी अमदानीत झाला. वाट सुंदर, पण आपणास ती बेळगावच्या अंगास नेऊन सोडते, आणि महाराष्ट्रातील सर्वांत अधिक पावसाच्या ठिकाणांत अंबोलीची गणना असल्याने पावसाळ्यात दरडी व धुके यांचा त्रास. तळेरे, वैभववाडीवरून गगनबावड्यास चढणारा करूळ घाट २०२४ च्या जानेवारीत रुंदीकरणासाठी बंद झाला तो वर्षाहून अधिक काळ बंद राहिला, आणि त्या काळात भुईबावडा व फोंडा या घाटांवर सारा भार पडला. घाट चालू आहे की नाही हे निघण्याच्या आदल्या दिवशी एस्‌. टी. आगारात विचारावे, मोबाइलवरील नकाशा कमी वेळाची वाट दाखवितो, तीवरून भरलेली मोठी गाडी जावी की न जावी हे तो पाहत नाही.

आम्ही फोंडा घाट निवडला. मालवणाहून कसाल, कणकवली, फोंडा, मग दाजीपूरचे जंगल, राधानगरी व कोल्हापूर. पहाटे पाचास निघाल्यास सकाळच्या उजेडात चढ संपतो. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोल्हापूर स्वतः साडेपाचशे मीटरांच्या आसपास आहे, घाटमाथा त्याहून उंच. म्हणजे परत येणारा मनुष्य प्रथम नकळत चढत असतो व मग कड्याच्या काठावर येऊन एकदम उतरू लागतो; आधीच्या सपाट वाटेने त्याचा हात सैल पडलेला असतो. डोंगर उतरावयाचा आहे ही सूचना त्यास वाट देत नाही.

ज्यांस घाटात मळमळते त्यांनी पुढील बाकावर बसावे, दूरच्या रस्त्याकडे पाहावे, निघताना कोरडी भाकरी किंवा खारी एवढेच खावे. दादांस चालकाच्या शेजारची जागा दिली आहे. त्यांना मळमळत नाही. त्यांना चालकाचा पाय पाहावयाचा आहे.

परतीचा मार्ग पूर्वी सुचलाच नसता. नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा ५२० किलोमीटरांचा भाग २०२२ च्या डिसेंबरात खुला झाला, आणि इगतपुरी ते भिवंडीजवळील आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरांचा तुकडा ५ जून २०२५ रोजी. सारा मार्ग ७०१ किलोमीटर. इगतपुरी सुमारे सहाशे मीटर उंच आहे. तेथून खाली येण्यास पूर्वी कसाऱ्याचा नागमोडी घाटच होता. आता सुमारे आठ किलोमीटरांचा जोड बोगदा व उंच पूल यांवरून रस्ता सरळ ढाळाने उतरतो. उतार नाहीसा झाला असे नव्हे. सह्याद्री जितका उंच होता तितकाच आहे आणि गाडीतून तितकीच उष्णता निघावयाची आहे. परंतु तीच उंची लांब ढाळात पसरली आणि मध्ये आखडून घ्यावयास वळणे नसली, म्हणजे इंजिन व वारा मिळून ती उष्णता वाहून नेतात. ब्रेकांवर थोडीच येते.

आमण्याहून पनवेलीस येऊन मुंबई-गोवा महामार्ग धरावयाचा. हा रस्ता आपल्या लोकांच्या चेष्टेचा विषय झालेला आहे, व त्याच्या चौपदरीकरणाची रखडपट्टी पाहता तो व्हावा यात नवल नाही. तरी आमच्या दृष्टीने त्यात एक मोठी सुधारणा झाली. पोलादपूर व खेड यांमधील कशेडी घाटास बगल देणारा दोन किलोमीटरांचा जोड बोगदा २०२३ च्या गणेशोत्सवापासून टप्प्याटप्प्याने खुला झाला. पुढे खेडजवळ भोस्ते व चिपळूणजवळ परशुराम हे दोन घाट राहतात. त्यांची उंची थोडी, रस्ता रुंद. ते दिवसा उतरावे म्हणजे झाले. एकंदर परतीचे अंतर बाराशे किलोमीटरांच्या आसपास, म्हणजे जाण्यापेक्षा सुमारे अडीचशे अधिक. गाडी लिटरला दहा किलोमीटर चालते असे धरल्यास पंचवीस लिटर डिझेल जादा, आणि पथकर वेगळा. मंडळाच्या कोषाध्यक्षांनी या रकान्यावर लाल शाईची खूण केली. आम्ही त्यांस दादांच्या मनगटाचा खर्च कोणत्या रकान्यात घालावा असे विचारले. त्यांनी खूण पुसली.

परंतु सपाट रस्त्यासही त्याची जोखीम आहे. १ जुलै २०२३ रोजी पहाटे याच समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ नागपुराहून पुण्यास निघालेली खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी दगावले. सरळ, रुंद व रिकामा रस्ता चालकास झोप आणतो, आणि दूरवर वेगाने धावताना टायर तापून फुटण्याचे भय असते. घाटात मनुष्य भीतीने तरी जागा राहतो. म्हणून परतीच्या दोन रात्री मुक्काम ठरविले आहेत, पहिला शिर्डीस, दुसरा महाडास; सूर्यास्तानंतर गाडी चालणार नाही, आणि दर दोन तासांनी ती उभी करून टायरांस हात लावून पाहावयाचा.

ज्यांस गाडीत इतके बसवत नाही त्यांच्यासाठी रेल्वे आहेच. परतताना पनवेलीस उतरून कोकण रेल्वेने कणकवली, सिंधुदुर्ग वा कुडाळ गाठावे. दीडशेस एकच्या ढाळात पोटातले पाणी हलत नाही. मालमोटारी आगगाडीवर चढवून नेण्याची सोय कोकण रेल्वेने १९९९ सालीच सुरू केली, आणि कोलाड ते वेर्णे अशी खासगी मोटारी नेण्याची योजना २०२५ च्या गणेशोत्सवात काढली. आपल्या गाडीस ती लागू पडत नाही, पण स्वतःची लहान मोटार घेऊन मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्यांनी चौकशी करण्यासारखी आहे.

नागपूर ते गोवा अशा शक्तिपीठ महामार्गाची आखणी झाली असून तो वर्ध्याजवळच्या पवनारपासून आपल्या जिल्ह्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत यावयाचा आहे. तो झाल्यास या लेखाचे कारणच उरणार नाही, असे एका सभासदाने म्हटले. पण ज्यांच्या जमिनी त्यात जातात त्या कोल्हापुराकडील शेतकऱ्यांनी त्यास कडवा विरोध केला आहे. आणि शेतकऱ्यांच्या मासिकात बसून दुसऱ्याच्या उसाच्या शेतावरून आपली सोयीची वाट आखणे आमच्या लेखणीस जमले नाही.

गाडी ठरविताना मालकास तीन गोष्टी आम्ही लेखी कळविल्या आहेत. ब्रेकचे तेल नवे घालून त्याची पावती दाखवावी. टायर कोणत्या साली बनले ते त्यांच्या कडेवर छापलेले असते, ते आम्ही स्वतः वाचून घेऊ. आणि चालकाने घाटात गाडी मोकळी सोडू नये; अरुंद जागी वर चढणाऱ्या गाडीस वाट द्यावी, जे २०१७ च्या वाहनचालन विनियमांतही सांगितलेले आहे. मालक जरा रागावले, पण कबूल झाले. खरेदीचे सामान दर माणशी वीस किलोंच्या वर घेऊ नये, हे सभासदांस सांगणे मात्र त्याहून अवघड गेले. संत्र्याची रोपे पाहून ज्यांचा हात आवरणार नाही त्यांनी ती मालमोटारीने मागवावीत. तसेही आपल्या जांभ्या जमिनीत व चार महिन्यांच्या पावसात ती कितपत टिकतील याविषयी आम्हांस शंकाच आहे.

प्रयाण माघ शुद्ध पक्षात, पहाटे पाच वाजता मंडळाच्या कार्यालयापासून होईल. नोंदणी चालू महिन्याच्या अखेरपर्यंत. चालकाशेजारील जागा गेलेली आहे.